पेढे वाटायची घाई



माझ्या चुलतभावाला कोंडून मारणाऱ्याला कोर्टानं सजा दिली, त्या दिवशी आम्ही तालुक्याच्या स्टँडवर एक किलो पेढे घेतले. एसटीनं गावी आलो. वेशीजवळ उतरतो न उतरतो तो फटाके ऐकू आले. वाटलं, आपलीच पोरं फोडतायत. चौकात येऊन बघतो तर आरोपी पारावर बसलेला, गळ्यात हार. त्याची बोलेरो आमच्या एसटीच्या आधी गावात पोचली होती.

आम्ही सजा ऐकली होती. सहा महिने. तेवढं ऐकून आम्ही कोर्टाबाहेर पळालो होतो. कोर्टाचं पुढचं वाक्य ऐकायला आमच्यातला एकही माणूस आत थांबला नव्हता. ते वाक्य असं: आरोपीस अपील करावयाचे आहे, तोपर्यंत शिक्षा स्थगित, जामीन मंजूर.

आपली चळवळ त्या पुढच्या वाक्याला बहिरी आहे. त्यावर मला बोलायचं आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

आधी हकीकत सांगतो. दादा ऊसतोडीला जायचा. २०१६ च्या हंगामात त्यानं आणि वहिनीनं मुकादमाकडून चाळीस हजार उचल घेतली. डिसेंबरात फडावर वहिनी तापानं फणफणली. दादा तिला घेऊन गावी आला. चौथ्या दिवशी जीप आली आणि दादाला घालून घेऊन गेली. दोन रात्री त्याला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडला. पाइपानं मारला. पाणी मागितलं की आधी जात काढायचे, मग पाणी द्यायचे. आम्ही पोलीस घेऊन गेलो तेव्हा खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली मुकादमाच्या भावाच्या खिशात.

ठाण्यात लिहून घेतलं : ३२३, ३४२, ५०४, ५०६. आम्ही अॅट्रॉसिटी म्हणालो. ठाणे अंमलदार म्हणाला, ‘‘पैशाचा व्यवहार आहे. यात जात कुठं आली?’’ आमच्याबरोबर आलेले पुढारी म्हणाले, ‘‘आता गुन्हा दाखल झालाय ना, पुढं बघू.’’ वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ पासून आहे, हे त्या दिवशी ठाण्यात उभ्या असलेल्या एकालाही माहीत नव्हतं. मी तेव्हा शाळकरी पोर. मलाही नव्हतं. जे माहीत झालं ते नंतर रात्रपाळी सुटल्यावर कायद्याची पुस्तकं चाळून माहीत झालं. वकिलांनी सांगितलं नाही आणि पुढाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

कायद्याच्या मराठीत डांबून ठेवण्याला म्हणतात ‘गैरपरिरोध’. पाइपानं मारण्याला म्हणतात ‘इच्छापूर्वक दुखापत’. आमच्या आयाबायांनी हे शब्द जन्मात ऐकले नाहीत. म्हणून त्या कोर्टात रडतात आणि साहेब म्हणतात मुद्द्याचं बोला. आणि या गैरपरिरोधाला शिक्षा किती? जास्तीत जास्त एक वर्ष. दुखापतीला? जास्तीत जास्त एक वर्ष. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. ३२३ चं ११५(२) झालं, ३४२ चं १२७(२) झालं. दंडाची हद्द हजारावरून दहा हजार आणि पाच हजार झाली. वर्ष मात्र एकच राहिलं. १८६० साली गोऱ्या साहेबानं माणूस कोंडायचा जो भाव ठरवला, तोच भाव आजही चालू आहे.

आणि हेच कलम आपल्यावर उलटतं तेव्हा कसं पळतं ते बघा. २०२२ च्या दिवाळीत आमच्या सूतगिरणीत बोनसवरून आम्ही चाळीस जण मॅनेजरच्या केबिनबाहेर बसलो. तीन तास. केबिनचं दार उघडं होतं, आत चहा जात होता, फोन चालू होता. वीस मिनिटांत पोलीस गाडी हजर. रात्री अकरा जणांवर ३४२. मॅनेजरसाहेबांचा गैरपरिरोध झाला! माझा भाऊ दोन रात्री कुलपात होता तो ‘व्यवहार’. मॅनेजर तीन तास खुर्चीत होता तो गुन्हा. हे काही आमच्याच गिरणीत घडलेलं नाही. १९६७ साली बंगालमध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारनं परिपत्रकं काढली, की घेरावाच्या ठिकाणी पोलिसांनी मजूरमंत्र्यांना विचारल्याशिवाय हात घालू नये. मालक कलकत्ता हायकोर्टात गेले. त्याच साली कोर्टानं ती परिपत्रकं रद्द केली आणि घेरावात माणूस अडकवला तर तो गुन्हाच आहे असं सांगितलं. मालकाच्या केबिनला जो न्याय काही महिन्यांत मिळाला, तो मोटारीच्या खोलीला सहा वर्षांत मिळेना.

आता अपिलाकडे येतो.

शिक्षा तीन वर्षांच्या आतली असली आणि आरोपी आधीपासून जामिनावर असला, की अपील करतो म्हटल्यावर शिक्षा देणारं कोर्टच त्याला जामिनावर सोडतं. खास कारण असलं तरच अडवतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ३८९ कलम, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३०. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर अपील सत्र न्यायालयात, मुदत तीस दिवस. म्हणजे मारहाण आणि डांबणं याच्या शिक्षेत आरोपी निकालाच्या दिवशी सहसा तुरुंगात जात नाही. तो घरी जातो. जिथं फिर्यादी राहतो त्याच गावात. तोच पार, तीच किराणा दुकानाची वाट.

आंध्रात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात वेंकटायपालेम नावाचं गाव आहे. डिसेंबर १९९६ मध्ये तिथं दलित तरुणांना मारहाण झाली, दोघांचं डोकं भादरलं. विशाखापट्टणमच्या विशेष कोर्टाचा निकाल लागला १६ एप्रिल २०२४ रोजी. सत्तावीस वर्षं गेली आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांची. आरोपींत त्या वेळचा विधान परिषदेचा सभासद होता. अठरा महिने म्हणजे तीन वर्षांच्या आतच. पुढं अपिलाचा दरवाजा. ज्यांची डोकी भादरली त्यांचे केस या सत्तावीस वर्षांत पांढरे झाले असतील.

मारहाणीच्या साध्या केसमध्ये काय एवढं, असं कुणी म्हणू नका. खैरलांजी आठवा. ३ सप्टेंबर २००६ ला एका दलित माणसाला मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे त्या मारहाणीची साक्षीदार झाली. २९ सप्टेंबरला त्या केसमधले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी भोतमांग्यांच्या झोपडीवर जमाव चालून आला. चार माणसं मारली. त्याची सुरुवात ‘साध्या मारहाणी’च्या केसपासून झाली. आणि पुढं? २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, त्यात सहा जणांना फाशी. गावोगाव आपण जल्लोष केला. अॅट्रॉसिटी लागली नव्हती, तिकडे कितीजणांचं लक्ष गेलं? जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठात अपिलाचा निकाल लागला. फाशीची पंचवीस वर्षांची जन्मठेप झाली. अॅट्रॉसिटी तिथंही लागली नाही. २००६ साली रस्त्यावर उतरलेले हजारो लोक २०१० च्या अपिलाच्या तारखांना कुठं होतो? मी विचारतो ते स्वतःलाही विचारतो. तेव्हा मी पोर होतो, पण आज पोर नाही आणि आजही तारखांना मी नसतो.

अपिलात केस कशी सोलतात ते नीट समजून घ्या. कांद्यासारखी सोलतात.

पहिली पात अॅट्रॉसिटीची. ती काढली की बाकीचं सोपं होतं. का? कारण अॅट्रॉसिटीच्या कायद्यात कलम १९ आहे. अठरा वर्षांवरच्या दोषी माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडायची सोय या कायद्यात नाही. आणि या गुन्ह्यात पक्षकारांनी आपसात तडजोड केली म्हणून केस मिटत नाही. म्हणून त्यांचा वकील आधी म्हणतो, आरोपीला फिर्यादीची जात माहीत होती हे सिद्ध झालेलं नाही. एका गावात तीन पिढ्या राहिलेला माणूस, आणि जात माहीत नाही! यावर २०१५ च्या दुरुस्तीनं उत्तर दिलंय, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आरोपी फिर्यादीला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असला तर त्याला जात माहीत होती असं कोर्टानं धरून चालायचं, उलट सिद्ध करायचं ते आरोपीनं. त्याच दुरुस्तीनं जात माहीत असताना केलेली साधी मारहाणसुद्धा या कायद्याच्या परिशिष्टात घातली. पण हे अपिलात कोर्टाला सांगणारा कोण? सरकारी वकिलाच्या टेबलावर पन्नास फायली असतात. त्याला तुमच्या गावचा पार माहीत नाही.

दुसरी पात शिक्षेची. अॅट्रॉसिटी गेली, ३२३ आणि ३४२ उरली. मग आरोपीचं वय, लहान मुलं, पहिलाच गुन्हा. सोडा बाँडवर.

तिसरी पात तडजोडीची. इथं माझ्या दादाला गाठला.

३२३ आणि ३४२ या दोन्हींत फिर्यादीला तडजोड करता येते. अपील चालू असताना सत्र न्यायालयाची परवानगी घेऊन करता येते. आणि तडजोड झाली की तिचा परिणाम काय? आरोपी निर्दोष. शिक्षा कमी होत नाही, पुसलीच जाते. गुन्हा झालाच नव्हता असं होतं. २००७ साली सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली. आमच्या वेशीवर तिची पाटी अजून आहे. त्या पाटीखाली दादाला चार वेळा बसवलं. कुणी धमकी दिली नाही. चहा पाजला. ‘‘गावात राहायचंय ना? पोराचं लग्न करायचंय ना? आम्ही काय परके हाय का?’’ २०२४ च्या उन्हाळ्यात दादानं सत्र न्यायालयात अर्जावर सही केली. न्यायाधीशांनी विचारलं, स्वखुशीने सही केली का? दादा म्हणाला, हो.

बदल्यात काय मिळालं? उचल फिटली असं मुकादमानं कागदावर लिहून दिलं. ज्या चाळीस हजारांसाठी कोंडला, तेच चाळीस हजार कोंडल्याची किंमत म्हणून परत दिले. दादाच्या पाठीचे वळ जमेला धरले नाहीत.

मी दादावर चिडलो होतो. दोन महिने बोललो नाही. आता लाज वाटते. कारण अपील दाखल झाल्यापासून सहीपर्यंत दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात आमच्या संघटनेचा एकही माणूस त्याच्या दारात गेला नव्हता. मीसुद्धा नाही. गेले ते त्यांचेच लोक. अशा वेळी माणूस कुणाचं ऐकणार?

सुप्रीम कोर्टानंसुद्धा २०२१ साली मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात, मूळ भांडण जागेचं आहे आणि तडजोड झाली आहे म्हणून, घटनेच्या १४२ कलमाखालचा आपला खास अधिकार वापरून अॅट्रॉसिटीची शिक्षा रद्द केली. पण त्याच निकालात हेही म्हटलं, की फिर्यादी दलित आदिवासी असेल तर तडजोड खरोखर मनानं झाली की दबावानं, हे कोर्टानं जास्त काळजीनं बघावं. त्यांचे वकील पहिलं वाक्य वाचून दाखवतात. दुसरं वाक्य वाचून दाखवायला कोर्टात आपला माणूस नसतो.

आता आपल्यातले काही शहाणे म्हणतील, कायदाच त्यांचा, कोर्टच त्यांचं, मग अपील काय नि फिपील काय! ही भाषा मला कळते. मीही कवितेत तसंच लिहितो. पण कवितेनं आरोपीचा जामीन अडत नाही. आणि दुसरे म्हणतील, असल्या लोकांना अपिलाचा हक्कच देऊ नका. हे तर साफ चूक आहे. अपिलाचा हक्क गेला तर पहिल्यांदा मरतील ते आपले. खोट्या क्रॉस केसमध्ये अडकलेली पोरं कुणाची असतात? सरपंचाची नसतात. अपील राहिलं पाहिजे. फक्त त्यात आपण हजर राहिलं पाहिजे.

गिरणीतल्या अकरा जणांचं सांगायचं राहिलं. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा, रोजची खाडी कोण करणार? नऊ जणांनी कबूल केलं. त्यातल्या एकानं नंतर पोलीस भरतीसाठी दीड वर्ष मैदानावर पळून घाम गाळला. चारित्र्य पडताळणीत कबुली निघाली. तो आता अपील करायला निघाला तर कायदा म्हणतो, कबुली दिलीस ना, मग शिक्षा जास्त झाली की बेकायदा झाली एवढंच बोल. गुन्हा केला नाही हे म्हणायची वाट बंद. दोघांनी कबुली दिली नव्हती. त्यांना दंड आणि एक महिन्याची शिक्षा लागली, पण त्यांचं अपील उभं आहे. त्यांच्या तोंडात अजून जीभ आहे. म्हणून पोरांनो, जे केलं नाही ते पाचशे रुपयांच्या सोयीसाठी कबूल करू नका. मोकळे होत नाही, कायमचे अडकता.

बाबासाहेबांचं नाव घेतो आपण. महाडच्या तळ्यावर मार्च १९२७ मध्ये पाणी प्यालो हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच डिसेंबरात सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि साथीदारांवर दावा ठोकला, तळं आमचं खाजगी म्हणून. तो फौजदारी खटला नव्हता, दिवाणी दावा होता. पण शिकायचं ते हेच. महाडच्या कोर्टात ते हरले, त्यांनी अपील केलं. ठाण्यात हरले, पुन्हा अपील केलं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं त्यांचं अपील फेटाळलं तेव्हा तळं मोकळं झालं. दहा वर्षं. मधे गोलमेज झाली, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. तरी महाडची फाइल बाबासाहेबांनी सोडली नाही. आपण मात्र वीस मार्चला तळ्यावर जातो आणि सतरा मार्च कुणाला आठवत नाही.

तर काय करायचं ते सांगतो. भाषण करत नाही.

निकालाच्या दिवशी शेवटचं वाक्य होईपर्यंत कोर्टात बसायचं. जामीन कुठल्या अटींवर दिला ते लिहून घ्यायचं. आरोपीला निकालाची नक्कल फुकट आणि ताबडतोब मिळते. फिर्यादीला अर्ज करून पैसे भरावे लागतात. म्हणून तो अर्ज त्याच दिवशी करायचा.

निकाल वाचायचा. कोर्टानं अॅट्रॉसिटी उडवली आणि नुसत्या मारहाणीची शिक्षा दिली, तर तो विजय नाही. कमी गुन्ह्याखाली दोषी धरलं, की पीडिताला स्वतः अपील करता येतं. ३१ डिसेंबर २००९ पासून हा हक्क आहे, जुनं कलम ३७२, आता ४१३. पूर्ण निर्दोष सोडलं तरी करता येतं, आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१८ साली सांगितलंय. विशेष कोर्टाचा निकाल असेल तर हायकोर्टात जायला नव्वद दिवस आहेत. फक्त शिक्षा कमी वाटली म्हणून पीडिताला अपील करता येत नाही. ते सरकारनं करायचं असतं. मोर्चा काढायचाच असेल तर त्या नव्वद दिवसांत कलेक्टर कचेरीवर यासाठी काढा.

आरोपीच्या अपिलात आपला वकील उभा करायचा. अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये जामीन, सुटका, शिक्षा, सगळ्या टप्प्यांवर पीडिताला ऐकून घ्यायचा हक्क कलम १५अ मध्ये आहे. जामिनाआधी पीडिताला नोटीस दिलीच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं २०२१ साली राजस्थानातल्या खटल्यात सांगितलं. अॅट्रॉसिटी नसली तरी, तपासापासून अपील संपेपर्यंत पीडिताला बोलायचा हक्क आहे, असं २०२२ साली लखीमपूर खेरीच्या खटल्यात सांगितलं. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्यात अनुसूचित जातीच्या माणसाला फुकट वकील आहे, उत्पन्नाची अट नाही. वकील कामचुकार निघाला तर बदलून मागायचा, पण मागायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिर्यादीच्या घरी जायचं. तारखेला नव्हे, मधल्या दिवसांत. पाटीखालचा चहा त्याला एकट्यानं प्यायला लागू नये. तरीही त्याला तडजोड करायची असली तर त्याची त्यानं करावी, आपण त्याच्यावर दुसरा मुकादम होऊन बसायचं नाही. पण सही करण्याआधी त्याला माहीत पाहिजे, की त्या सहीनं मारणारा निर्दोष होतो.

प्रत्येक तालुक्यात एक वही घाला. केस नंबर, कोर्ट, अपिलाची तारीख, फिर्यादीचं गाव, जबाबदार कार्यकर्ता. पुढची तारीख मोबाईलवर दिसते, ई-कोर्टच्या ॲपवर सीएनआर नंबर टाकला की झालं. आपल्या पोरांना रील बघायला वेळ आहे, तारीख बघायलाही असेल.

आमच्या तालुक्याची वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर गिरणीतल्या दोघांचं अपील आहे. दादाचं नाव नाही, ती केस संपली. तो या हंगामातही ऊसतोडीला गेलाय, दुसऱ्या मुकादमाकडे, पन्नास हजार उचल घेऊन. जाताना मी त्याला माझा फोन नंबर कागदावर लिहून दिला आणि वहिनीलाही दिला.

तुमच्या तालुक्यात शिक्षेवरची कोणती अपिलं चालू आहेत ते कळवा. पुढच्या अंकात यादी छापू.

जयभीम.